हिमनगांवर पाळत ठेवायचा खर्च कोण भरतं? आणि वाटणी कशी करतात?

भोगावतीकाठ (मूळ प्रश्न)

मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथं जहाजावर नोकरी केलेली दोन-चार माणसं आहेत म्हणून विचारतो.

माझा भाचा मालवाहू जहाजावर थर्ड मेट (तिसरा अधिकारी) आहे. रॉटरडॅमहून मॉन्ट्रियलला निघालाय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, सरळ वाट सोडून दक्षिणेकडनं वळसा मारून चाललोय. वर हिमनग आहेत. अमेरिकेची विमानं बघून येतात आणि नकाशावर हद्द आखून देतात. त्या हद्दीच्या आत शिरायचं नाही." मी विचारलं, विमानाचं तेल कोण घालतं? तो हसला. म्हणाला, "तुम्हाला अटलांटिकमध्ये पण पाणीपट्टीच दिसणार."

दिसणारच. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचं सचिवपद बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथनं माळापर्यंत रायझिंग मेन (चढाची पाइपलाइन), एकरी पट्टी, आणि ती कारखान्याकडनं ऊसबिलातून कापून घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. दरवर्षी सभेत तीच भांडणं. नदीजवळचा म्हणतो, माझ्यापर्यंत पाणी यायला पाइप किती लागतो, मी माळावरच्याएवढी पट्टी का देऊ? दुसरा म्हणतो, यंदा पाऊस दाबून झाला, मोटर चाललीच कुठं, मग कसले पैसे? त्याला वीजबिल काढून दाखवायचं: मोटर बंद असली तरी स्थिर आकार येतो, वॉचमनचा पगार येतो. तिसरा प्रकार सगळ्यात बेरकी. तो सभासदच नाही, पण चेंबरच्या गळतीनं त्याची विहीर भरते. त्याला काय म्हणणार? आणि चौथं दुखणं म्हणजे सातबारा एकाच्या नावावर, कसतो दुसराच, बिल कुणाच्या नावानं काढायचं?

तर माझे प्रश्न असे. त्या हिमनगाच्या पहाऱ्याचा सचिव कोण? वाटणी एकरी का माणशी? पैसे न भरणाऱ्याचं पाणी तोडतात का? तोडणार तरी कसं?

कुणाला नीट माहीत असेल तर लिहा. भाच्याला विचारलं तर तो म्हणतो, "आम्हाला फक्त हद्द माहीत, हिशेब नाही."


तांबडापांढरा

काका, अमेरिका भरते की सगळं. श्रीमंत माणूस आहे, गल्लीतल्या मंडळाची निम्मी वर्गणी एकटाच देतो आणि वर स्वतःचा फ्लेक्स लावतो. विषय संपला.

आणि एक शंका. एवढी विमानं उडवण्यापेक्षा वरनं बॉम्ब टाकून फोडून का टाकत नाहीत बर्फ? नाद खुळा आयडिया आहे का नाही?


जुना_दर्यावर्दी

भोगावतीकाठ, प्रश्न आवडला. डेकवरून सुरुवात करून मास्टर, म्हणजे कप्तान, म्हणून निवृत्त झालो, आता राजारामपुरीत असतो. उत्तर अटलांटिक माझ्या नशिबात भरपूर आला. या गस्तीचा कागद हातात घेऊन पुष्कळ रात्री काढल्यात, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आधी तांबडापांढरा यांचा बॉम्ब. करून झालंय ते. तोफा डागून झाल्या, सुरुंग लावून झाले, विमानातून आगलावे बॉम्ब टाकून झाले, ऊन शोषून लवकर वितळावा म्हणून काळी काजळी फासून झाली. हिमनगाला ढिम्म फरक पडला नाही. आणि समजा फुटला, तरी एकाचे पन्नास होतात. घराएवढा हिमनग रडारवर दिसतो तरी. जीपएवढा तुकडा, ज्याला आम्ही ग्राउलर म्हणतो, तो जेमतेम वीतभर पाण्याबाहेर असतो आणि लाटांच्या गर्दीत रडारवर हरवतो. फोडणं म्हणजे दिसणारा धोका मोडून न दिसणारे धोके पसरवणं.

आता पैशाचं. "अमेरिका भरते" हे अर्धंच खरं. राबतो अमेरिकेचा कोस्ट गार्ड. बिल मात्र वाटलं जातं, आणि ती वाटणी शंभरावर वर्षं जुनी आहे.

14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं, पहाटे बुडालं, दीड हजारांवर माणसं गेली. त्याच हंगामात अमेरिकेच्या नौदलानं बर्मिंगहॅम आणि चेस्टर या दोन क्रूझर त्या भागात फिरवल्या. पुढच्या वर्षी नौदलाकडं द्यायला जहाजं नव्हती, म्हणून रेव्हेन्यू कटर सर्व्हिसची सेनेका आणि मायामी ही जहाजं गेली. हीच रेव्हेन्यू सर्व्हिस 1915 मध्ये कोस्ट गार्डमध्ये मिसळली. 1913 च्या अखेरीला लंडनमध्ये परिषद भरली आणि जानेवारी 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या पहिल्या करारावर सह्या झाल्या. आम्ही ज्याला सोलास म्हणतो त्याचं हे मूळ. त्यात ठरलं की गस्त अमेरिकेनं चालवायची आणि खर्च तेरा देशांनी उचलायचा. टक्केवारी करारातच लिहून टाकली: ब्रिटन 30, अमेरिका, जर्मनी आणि फ्रान्स प्रत्येकी 15, बेल्जियम, इटली, नेदरलँड्स प्रत्येकी 4, नॉर्वे 3, ऑस्ट्रिया-हंगेरी, कॅनडा, डेन्मार्क, रशिया, स्वीडन प्रत्येकी 2. तुम्ही सचिव आहात, बेरीज करून बघाच.

गंमत अशी की सह्यांची शाई वाळते न वाळते तोच, त्याच उन्हाळ्यात, यातले निम्म्याहून जास्त देश एकमेकांवर तोफा डागायला लागले. करार अमलात यायचा राहून गेला. गस्त मात्र, दोन्ही महायुद्धांतला काही काळ सोडला तर, दर हंगामाला चालू राहिली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे बघा. सचिवानं आधी मोटर चालू केली, पट्टीचा ठराव मागनं आला. उलट क्रमानं गेले असते तर आजही मसुद्यातला स्वल्पविराम कुठं द्यायचा यावर बैठका चालू असत्या, असं माझं मत.

टक्केवारी कायमची लिहून ठेवायचा तोटा तुम्हाला सांगायला नको. आज ज्याची दहा एकर जमीन आहे त्याची उद्या दोन एकर राहते. जहाजांचंही तसंच झालं. ब्रिटनचा ताफा आटला, दुसऱ्यांचे वाढले. म्हणून आता वाटणी टनेजवर होते. नियम सोलासच्या पाचव्या प्रकरणाला जोडलेला आहे. मागच्या तीन बर्फहंगामांत तुमच्या झेंड्याची, म्हणजे तुमच्या देशात नोंदलेली, जी जहाजं त्या भागातून गेली, त्यांचं एकूण ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) काढा, वर्षाची सरासरी घ्या. सगळ्या देशांच्या जहाजांची तशीच सरासरी काढा. पहिल्याला दुसरीनं भागा. जे गुणोत्तर येईल त्यानं मागच्या तीन वर्षांतल्या अमेरिका आणि कॅनडाच्या प्रत्यक्ष खर्चाच्या सरासरीला गुणा. आलं तुमचं बिल. हंगाम कराराच्या लेखी 15 फेब्रुवारी ते 1 जुलै.

थोडक्यात एकरी पट्टी, पण ज्या पिकाला प्रत्यक्ष पाणी दिलं तेवढ्याच एकरांची, आणि तीही तीन वर्षांच्या सरासरीनं. एखाद्या वर्षी व्यापार कोसळला म्हणून कुणाची पट्टी एकदम शून्य होत नाही, आणि एकदम दुप्पटही होत नाही. ही सरासरीची कल्पना ज्यानं काढली त्यानं कधीतरी तुमच्यासारखी सभा बघितली असणार.

"यंदा पाऊस झाला, मोटर चाललीच नाही" याचं उत्तर आमच्याकडं फार झकास आहे. न्यूफाउंडलंडजवळ 48 अक्षांश ओलांडून किती हिमनग खाली आले, याची दरवर्षी मोजदाद होते. 1984 मध्ये 2,202 आले. 1966 मध्ये एकही नाही. 2006 मध्येही एकही नाही. आता 2006 चे पैसे कशाचे? तर "एकही नाही" हे सांगायला सुद्धा विमान तिथं जावंच लागतं. शून्य हे घरी बसून मोजता येत नाही.

बाकी हिमनग येतात कुठून हे भाच्यानं सांगितलं असेलच. बहुतेक सगळे ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्यांतून सुटतात, बॅफिनच्या उपसागरात फेरी मारतात आणि लॅब्रेडोरच्या थंड प्रवाहाबरोबर खाली येतात. वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालत असतात. बरेचसे वाटेत रुततात नाहीतर विरघळतात. उरलेले ग्रँड बँक्सच्या, म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्राच्या, शेपटाशी येऊन पोचतात, आणि तिथंच गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी येऊन भिडतं, त्यामुळं धुकं. म्हणजे जिथं नीट बघायची गरज, तिथंच डोळे मिटलेले.

माझ्या वेळी हिमनगांची हद्द सांगणारं गस्तीचं पत्रक फॅसिमाइलवर यायचं. मशीनमधून करकरत ओलसर कागद निघायचा, त्याला जळका वास. सेकंड मेट तो चार्ट टेबलवर धरून हद्दीचे अक्षांश-रेखांश पेन्सिलनं टिपायचा, ठिपके जोडून रेघ मारायचा, आणि मग आमच्या आखलेल्या वाटेला ती रेघ कुठं कापते ते बघायचं. एकदा रेघ आदल्या दिवसापेक्षा चांगली दक्षिणेला सरकली. मी वाट बदलली. मालवाल्या कंपनीचा तार-संदेश हजर: जादा मैलांचं आणि जादा तेलाचं कारण कळवा. त्यांना पत्रकाची नक्कल पाठवली, वर एक शब्द लिहिला नाही. त्या रात्री धुकं असं की ब्रिजवरून स्वतःच्या जहाजाचं नाक दिसेना. इंजिन हळू, भोंगा चालू, एक माणूस पुढं डोळे लावून उभा. कानटोपीवर दव साचून थेंब गळायचे. हिमनग दिसला नाही. न दिसण्यासाठीच तर वळसा मारला होता.


भोगावतीकाठ

कॅप्टनसाहेब, मनापासून आभार. तुमचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं तर आमच्या चेअरमननी पहिलं काय विचारलं असेल? "थकबाकी किती टक्के?"

पण माझ्या दोन शंका राहिल्याच. गळतीवाला आणि सातबारावाला. तुम्ही म्हणता झेंड्याप्रमाणं बिल. भाच्याच्या जहाजाचा मालक ग्रीक, झेंडा मार्शल आयलंड्सचा, खलाशी आपले आणि फिलिपिन्सचे, माल आणखी कुणाचा. यात शेत कुणाचं म्हणायचं?


हिशेबनीस

मध्ये बोलतो. मी जहाज फक्त गेटवेवरून बघितलंय, पण वाटणीचा कायदा हा माझ्या आवडीचा विषय. दिवसा शाहूपुरीत लोकांचे जीएसटी भरतो.

समुद्रावर एकाच्या कामाचा खर्च अनेकांनी वाटून घ्यायची पद्धत टायटॅनिकच्याही आधीची. मोरोक्कोत टँजियरजवळ केप स्पार्टेलचं दीपगृह आहे, जिब्राल्टरच्या तोंडाशी. 1865 मध्ये त्याच्यासाठी तह झाला. बांधलं मोरोक्कोच्या सुलतानानं, स्वतःच्या पैशानं. देखभालीचा खर्च मात्र सही करणाऱ्या परदेशी सत्तांनी वाटून घ्यायचा. कारण साधं. मोरोक्कोची स्वतःची जहाजं तिथून फारशी जात नव्हती, जात होती ती यांचीच. आणि वाटणी सरसकट समान: ब्रिटनला जेवढे, बेल्जियमला तेवढेच. मला हे नेहमी विचित्र वाटत आलंय. माणशी पट्टी म्हणा ना. 1914 ला टक्केवारी, आणि नंतर टनेज. पन्नास-शंभर वर्षांत लोक माणशीवरून एकरीवर आले.

दुसरं टोक मलाक्काचं. ती सामुद्रधुनी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरच्या काठाला, वापरणारं सगळं जग. समुद्री कायद्याच्या कराराचं कलम 43 म्हणतं की काठावरच्यांनी आणि वापरणाऱ्यांनी दिवे-बोयांसाठी सहकार्य करावं. "करावं", "केलंच पाहिजे" नाही. 2007 पासून तिथं सहकार्याची एक व्यवस्था आहे, दिवे-बोयांच्या देखभालीसाठी निधी आहे, पण सगळं ऐच्छिक. जपाननं आधीपासून हात सैल सोडलाय, कारण त्याचं तेल तिथूनच येतं. ज्याची गरज मोठी तो भरतो, बाकीचे टाळ्या वाजवतात.

आणि आपल्याकडं? भारतातल्या दीपगृहांचा खर्च आपण जहाजांकडून टनेजवर घेतो. आधी 1927 चा दीपगृह कायदा होता, आता 2021 चा नवा आहे. परदेशी झेंडा असो नाहीतर देशी, बंदरात आलात की शुल्क भरा. नाही भरलं तर बंदर सोडायची परवानगी अडते. बघा फरक: बंदर म्हणजे पकडायला शेपूट आहे. भर समुद्रात शेपूट कुठली?

माझं मत स्पष्ट सांगतो. हिमनग गस्तीची झेंड्यावरची वाटणी कालबाह्य आहे, तिथंही बंदरातच टनामागं शुल्क घ्यावं. सातबारावाल्याला बिल आणि पीक दुसऱ्याच्या घरात.


जुना_दर्यावर्दी

हिशेबनीसांनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं निम्मं त्यांच्याशी भांडण्यात घालवतो.

आधी सातबारा. होय, बिल झेंड्याला जातं, मालकाला नाही. मी स्वतः बरीच वर्षं पनामाच्या झेंड्याखाली जहाजं चालवली. मालक जपानी, आणि पनामा प्रत्यक्ष पाहिला तो फक्त कालव्यातून जाताना. पण गंमत बघा: गस्तीच्या पत्रकांत ज्या 17 देशांची यादी छापतात, त्यात पनामा आहे. बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, ग्रीस, इटली, जपान, नेदरलँड्स, नॉर्वे, पनामा, पोलंड, स्पेन, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका. मार्शल आयलंड्स त्या यादीत नाही. तेव्हा भोगावतीकाठ, तुमच्या भाच्याचं जहाज तुमच्या भाषेत गळतीवर भरणारी विहीर आहे. भाच्याला चिडवायला चांगलं हत्यार मिळालं.

भारतही त्या यादीत नाही. हे वाचून कुणी लगेच अभिमानानं नाहीतर शरमेनं फुगू नये. आपल्या झेंड्याची जहाजं त्या पट्ट्यात तशी थोडीच. आपली माणसं मात्र तिथं भरपूर, सगळ्यांच्या झेंड्याखाली. माझ्या मते भारतानं नाममात्र का होईना वाटा उचलावा. नियमातच सोय आहे: ज्या देशाला इच्छा आहे तो सामील होऊ शकतो, आणि सामील असलेला देश नोटीस देऊन वाटा बदलू किंवा बंद करू शकतो. आपण जगाला सगळ्यात जास्त खलाशी पुरवणाऱ्यांपैकी एक आहोत, आणि हिमनगाला आपटायची वेळ आली तर ब्रिजवर उभा असतो तो माणूस, झेंडा नाही.

आता गळतीवाल्याचं पाणी तोडायचं का. तोडता येत नाही, आणि तोडू पण नये. पत्रक रेडिओवर जातं, नॅव्हटेक्सवर (जहाजांना छापील इशारे देणारी रेडिओ यंत्रणा) जातं, आता इंटरनेटवर पण असतं. रेडिओला झेंडा कळत नाही. समजा कुलूप लावून फक्त पैसे भरणाऱ्यांनाच दिलं, आणि न भरणारं एखादं तेलवाहू जहाज ग्रँड बँक्सवर फुटलं, तर तेल भरणाऱ्यांच्याच किनाऱ्याला लागणार. शोधायला पुन्हा तेच कोस्ट गार्डचं विमान जाणार. उलट सोलासनं सक्ती केलीय ती वेगळ्या बाजूनं: हंगामात त्या भागातून जाणाऱ्या जहाजानं या गस्तीची सेवा वापरलीच पाहिजे. पैसे दिले नाहीत तरी चालेल, पण ऐकलं नाही तर चालणार नाही. याहून शहाणा नियम मी समुद्रावर फारसा बघितला नाही.

आणि न भरणारा अगदी फुकट खातो असंही नाही. वाटेत धोक्याचा बर्फ दिसला की प्रत्येक मास्टरनं तो कळवायचा, हे कराराचं बंधन आहे, झेंडा कुठलाही असो. विमानं सात-आठ तासांच्या फेऱ्या मारतात, पण रोज सगळीकडं नाही. मधल्या काळात हिमनग कुठं सरकला असेल, किती विरघळला असेल, हे गणितानं काढतात. त्या गणिताला जहाजांचे निरोप लागतात. अशी फुकटची नजर गस्तीला किती मोलाची, हे हिशेबनीसांच्या कोष्टकात बसत नाही.

आता त्यांच्या मुद्द्यावर. बंदरातच टनामागं शुल्क घ्यावं, मालक कोण, झेंडा कुणाचा हा घोळच नको. कागदावर मला पटतं. झेंड्यापेक्षा ते न्याय्य आहे, हे मान्य. पण एकदा ती पावती-सेवा झाली की पावतीवाला हक्क सांगायला लागतो. "मी पैसे भरले, मग माझ्या वाटेवर हद्द एवढी दक्षिणेला का ओढली? विमान दोनदा पाठवा." मालवाल्या कंपन्यांचे संदेश मी वाचलेत, ते काय लिहितील हे मला डोळे मिटून सांगता येईल. आज ही हद्द आखणाऱ्याला कुठल्याही जहाजाशी देणंघेणं नाही. रेघ जिथं पडायची तिथं पडते. माझ्यासारख्याला कंपनीसमोर ताठ उभं राहता यायचं ते त्या रेघेमुळं. ती रेघ जर कंपनीच्याच पैशानं विकत घेतलेली असती, तर?

म्हणून वाटणीत दोन-चार विहिरी गळतीवर भरत असतील तर भरू देत, हे माझं मत. हिशेबनीसांना झोप लागणार नाही, पण चालायचंच.


हिशेबनीस

झोप लागली नाही, कबूल. पण एक सांगा. "भरू देत" हे सचिव मोठा असेपर्यंत ठीक. उद्या अमेरिकेत कुणी म्हणालं, आमची विमानं, आमची माणसं, आणि यादीत नसलेले झेंडे फुकटात, आम्ही का वाहायचं? मग? ऐच्छिक वाटणीत मोठा सभासद रुसला की संस्था बसते. मलाक्कात जपान आहे म्हणून चाललंय. इथं अमेरिका आहे म्हणून. याला व्यवस्था म्हणायचं का दैव?


जुना_दर्यावर्दी

रास्त शंका, आणि माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, अर्धंच आहे. अमेरिकेची स्वतःचीच बंदरं त्या वाटेच्या टोकाला आहेत. न्यूयॉर्क, बॉस्टनला जाणारं जहाज वाचवणं हा उपकार नाही, घरचं काम आहे. आणि कॅनडा तर बर्फाच्या उंबऱ्यावरच बसलाय, त्याची बर्फसेवा याच कामात भागीदार आहे. विमानंसुद्धा न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सवरून उडतात.

आणि पहारा नसला की काय होतं याचं उदाहरण ताजं नाही, पण विसरण्यासारखं नाही. जानेवारी 1959 मध्ये डेन्मार्कचं हान्स हेडटॉफ्ट हे जहाज ग्रीनलंडहून पहिल्याच सफरीच्या परतीला निघालं. नवं कोरं, बर्फासाठी मजबूत बांधलेलं. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, केप फेअरवेलच्या दक्षिणेला, हिमनगाला धडकलं. 95 माणसं होती, एकही वाचलं नाही. नंतर आइसलँडच्या किनाऱ्याला एक जीवरक्षक कडं लागलं, तेवढंच. ती जागा गस्तीच्या पट्ट्याबाहेर होती आणि महिना हंगामाच्या आधीचा. उलट गस्तीच्या पट्ट्यात, तिनं आखलेली हद्द पाळून बाहेर राहिलेलं जहाज हिमनगावर गेल्याचं उदाहरण गस्तीच्या दप्तरात नाही. ज्याला वर्षाअखेरी पट्टी का भरायची हा प्रश्न पडतो, त्यानं ही दोन टोकं शेजारी ठेवावीत.


तांबडापांढरा

कॅप्टन, माझा बॉम्ब पडला, मान्य 😄 आता सिरियस. सॅटेलाइट आहेत ना हो? मग विमानाचा खर्च कशाला? वरनं फोटो काढा, रेघ मारा.


जुना_दर्यावर्दी

वापरतात. रडारवाले उपग्रह ढगातून आणि धुक्यातून बघतात, आणि दिवसेंदिवस त्यांच्यावर भर वाढतोय. पण उपग्रहाच्या चित्रात हिमनग म्हणजे पांढरा ठिपका, आणि मासेमारीची बोट म्हणजे पण पांढरा ठिपका. ग्रँड बँक्सवर बोटींचा सुळसुळाट. जहाजांच्या एआयएस खुणांशी (जहाज आपली ओळख आणि जागा रेडिओवर आपोआप सांगतं त्या) ताडून बघतात, तरी एआयएस बंद ठेवणारे महाभाग असतातच. म्हणून शंका आली की विमान. वाटणीच्या दृष्टीनं यात भांडण नाही, कारण बिल प्रत्यक्ष खर्चाच्या सरासरीवर निघतं. उपग्रहानं खर्च उतरला तर तीन वर्षांत सगळ्यांची पट्टी आपोआप उतरेल.


भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. तीन वर्षांची सरासरी ही गोष्ट मी उचलली, पुढच्या सभेत ठेवणार. माळावरचे ओरडतील, नदीकाठचे गप्प बसतील, किंवा उलटं.

भाच्याला "तू गळतीवरची विहीर आहेस" म्हणून मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं: "मग मी काय करू, झेंडा बदलू?" त्याला काय सांगू?


जुना_दर्यावर्दी

झेंडा त्याच्या हातात नाही, वॉच (ब्रिजवरच्या पहाऱ्याची पाळी) आहे. धुक्यात ग्राउलर दिसला तर आधी मास्टरला उठवायचं. मग निरोप टाकायचा, त्यात तीनच गोष्टी: कुठल्या प्रकारचा बर्फ, शेवटचा दिसला ती जागा, आणि वेळ-तारीख ग्रीनिचची. फोटो काढत बसायचं नाही. आणि मॉन्ट्रियलहून परतताना उन्हाळा लागला असेल, न्यूफाउंडलंड आणि लॅब्रेडोरमधली बेल आइलची सामुद्रधुनी मोकळी झाली असेल, तर कंपनी जवळची वाट म्हणून तिकडनं जायला सांगेल. अंतर वाचतं, पण हिमनग तिथं घराच्या दारातच असतात. त्या दिवशी पत्रक त्यानं स्वतः वाचावं, दुसऱ्यानं वाचून सांगितलं म्हणून चालणार नाही.